उंदराला औषध, आईला ठपका

ऑगस्ट २०२५ संपत आला होता. मुकुंदवाडीहून एक बाई मुलाला घेऊन आमच्या केंद्रात आली आणि तिने पिशवीतून घडी घातलेले कात्रण काढून टेबलावर ठेवले. मुलगा नऊ वर्षांचा, बोलत नाही. आल्याबरोबर त्याने माझे पेपरवेट घेतले आणि ते गोल फिरवण्यात तो रमून गेला. कात्रण दिराने कापून दिले होते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात उंदरांमधली स्वमग्नतेची लक्षणे एका औषधाने दूर झाली, अशी ती बातमी.

"सासूबाई म्हणतेत, उंदरं सुदरली, तुझं पोरगं कसं सुदरंना? तूच कायतरी केलं असशील दिवस असताना. ताई, मला ताप आला तवा दोन गोळ्या घेतल्या होत्या मी. त्याच्यानं झालं असंल का?"

बातमी खोटी नव्हती. एक विशिष्ट जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या मेंदूत थॅलॅमस भागातल्या पेशींचा एक पट्टा जास्तच चेतलेला आढळला होता. अपस्मारावर अभ्यासले जाणारे एक औषध देऊन तो शांत केल्यावर उंदरांच्या वागण्यात फरक पडला. एवढेच. त्या बातमीत आईचा उल्लेखही नव्हता. पण कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेपासून मुकुंदवाडीच्या स्वयंपाकघरापर्यंत येईतो बातमीचा आरोप झाला होता. हे आपोआप घडत नाही. मैत्रिणींनो, विषय उंदरांचा आणि मेंदूचा आहे म्हणून पान उलटू नका. मीही विज्ञान दहावीनंतर सोडलेली बाई आहे. पण या उंदरांच्या नावाने आपल्या बायकांना काय काय ऐकावे लागते, ते गेली काही वर्षे रोज ऐकते आहे, म्हणून मुळापासून समजून घ्यायला बसले.

उंदीर स्वमग्न आहे हे ठरवतात कसे? उंदराला डोळ्याला डोळा भिडवता येत नाही आणि 'आई' म्हणता येत नाही. त्यासाठी तीन कप्प्यांची पेटी असते. एका कडेच्या कप्प्यात तारेच्या पिंजऱ्याखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या कडेला तसाच पिंजरा, पण रिकामा. आपला उंदीर मधे सोडायचा आणि दहा मिनिटे मोजायचे, तो कुणापाशी किती वेळ रेंगाळला. ही पद्धत २००४ च्या सुमारास अमेरिकेत जॅकलिन क्रॉली यांच्या गटाने रूढ केली. जो उंदीर अनोळखी उंदराकडे जास्त वेळ जात नाही, तो सामाजिक वागणुकीत उणा. शिवाय तो स्वतःचे अंग किती वेळ चाटत बसतो, भुशात काचेच्या गोट्या किती पुरतो, याचीही नोंद करतात.

हे वाचताना मला हसू आले. आपल्याकडच्या नव्या सुनेला त्या पेटीत उभे केले तर? अनोळखी माणसापाशी गेली तर घरचे चारित्र्य काढतील, नाही गेली तर शास्त्रज्ञ मेंदू तपासतील. वागणूक मोजताना मोजणाऱ्याच्या मनातला 'चांगल्या वागणुकीचा' नमुना पट्टीत उतरतोच. उंदरांच्या पेटीबद्दल तक्रार नाही. प्राण्यावर प्रयोग करायचा तर काहीतरी मोजावे लागणार. तक्रार आहे ती दहा मिनिटांच्या त्या आकड्यावरून माणसाच्या लेकरावर आणि त्याच्या आईवर निकाल देणाऱ्यांबद्दल.

आता रिसेप्टर. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांच्या हाती निरोप धाडतात. निरोप घेणारे प्रथिन पेशीच्या आवरणावर बसलेले असते, ते रिसेप्टर. निरोप ही किल्ली मानली तर रिसेप्टर हे कुलूप. कुलपे जास्त, कमी किंवा सैल असली तर निरोप चुकीचा पोचतो. गेल्या पंचवीस वर्षांत स्वमग्नतेच्या संशोधनात अशा अनेक कुलपांवर मोठ्या आशा लागल्या. त्यातले एक आपल्या ओळखीचे आहे.

ऑक्सिटोसिन. बाळंतपणात कळा वाढवायला जे इंजेक्शन देतात ते. गोठ्यात म्हशीने पान्हा सोडावा म्हणून चोरून टोचतात तेही हेच. मेंदूतही त्याचे रिसेप्टर असतात. २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी हा रिसेप्टर नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्यातल्या नरांना ओळखीचा-अनोळखी उंदीर नीट वेगळा ओळखता येईना, ते जास्त आक्रमक झाले. माद्यांना दूध पाजता येईना, पिलांची काळजी घेण्यातही त्या उण्या ठरल्या. वर्तमानपत्रांनी या रसायनाचे 'प्रेमाचे हार्मोन', 'ममतेचे हार्मोन' असे बारसे आधीच करून टाकले होते. मग काय, ममता कमी पडली की पोर असे होते, याला आता शास्त्राचा आधार मिळाला! मी एका पालक मेळाव्यात एका वक्त्याला हे सांगताना ऐकले आहे. समोर बसलेल्या बायका वहीत लिहून घेत होत्या. वडील आलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्या हार्मोनचा विषय निघाला नाही.

त्या वक्त्याला पुढचे दोन धडे माहीत नव्हते. पहिला २०२१ चा. अमेरिकेत ३ ते १७ वर्षांच्या २९० स्वमग्न मुलांवर चाचणी झाली. अर्ध्यांना नाकातून ऑक्सिटोसिनचा फवारा, अर्ध्यांना नुसता फवारा, चोवीस आठवडे. दोन्ही गटांच्या सामाजिक वागण्यात फरक निघाला नाही. दुसरा धडा २०२३ चा. जन्मभर जोडीने राहणारा प्रेअरी व्होल नावाचा उंदरासारखा प्राणी आहे. त्याच्यावरूनच ही प्रेमाच्या हार्मोनची कहाणी मुळात पसरली. त्याच्यातला ऑक्सिटोसिनचा रिसेप्टर जनुकापासूनच काढून टाकला, तरी त्यांनी जोड्या जमवल्या आणि माद्यांनी पिले वाढवली. दूध थोडे कमी आले, एवढेच. ममता एका कुलपात मावत नाही, हे कुठल्याही दाईने सांगितले असते. पण ते प्रयोगशाळेनेच सांगितले हे महत्त्वाचे. विज्ञान आपली चूक दुरुस्त करते. दुरुस्ती मात्र मेळाव्यापर्यंत पोचत नाही.

आईला दोषी धरणे उंदरांच्या फार आधीपासूनचे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन करून 'ऑटिझम' हे निदान मांडले. मुलांचे हे वेगळेपण जन्मजात असावे असे त्यांनी तेव्हाच लिहिले होते, पण जोडीला आईबापांच्या थंडपणाबद्दलही लिहिले. पुढे 'फ्रिजसारखी थंड आई' हा शब्दप्रयोग रूढ झाला. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहिले. आईपासून मूल तोडले की ते बरे होईल, असा तो उपचार. म्हणजे बापही थंड होता, पण फ्रिज झाली ती आई. हा डोलारा कोसळायला सुरुवात केली ती बर्नार्ड रिमलँड या एका बापानेच, १९६४ मध्ये. पुढे १९७७ मध्ये जुळ्या मुलांच्या अभ्यासाने आनुवंशिकता पुढे आली. जनुके आली, मग रिसेप्टर आले, आणि आईची सुटका झाली असे वाटले.

झाली का? मुळीच नाही. ठपका मांडीवरून उतरला आणि पोटात शिरला. उंदरांवरचे प्रयोगच पाहा. गरोदर मादीला विषाणूसारखे भासणारे रसायन टोचून तिला ताप आणायचा आणि पिले तीन कप्प्यांच्या पेटीत घालायची. गरोदर मादीला व्हॅल्प्रोएट द्यायचे आणि पिले पाहायची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य यांच्या गटाने उंदरांच्या पिलांना जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे रोज तीन तास आईपासून दूर ठेवून मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरवर काय परिणाम होतो याचा फार महत्त्वाचा अभ्यास केला आहे. तो स्वमग्नतेचा नव्हे, भीती आणि चिंतेचा. या सगळ्या शास्त्रशाखेत त्या पद्धतीचे नाव 'मातृवियोग'. पिलू उचलून नेणारा हात प्रयोग करणाऱ्याचा, नावात मात्र आई. बाप पिंजऱ्यात बहुतेक वेळा नसतोच, त्याला आधीच हलवलेले असते. त्यामुळे बापाच्या वियोगाने पिलाचे काय होते हे फारसे कुणी मोजत नाही.

यातून निघणारी माहिती बाईच्या कामाची नाही, असे मी म्हणत नाही. व्हॅल्प्रोएटचेच घ्या. ही फिटची गोळी. डेन्मार्कमधल्या २०१३ च्या मोठ्या अभ्यासात गरोदरपणी ही गोळी घेणाऱ्या बायकांच्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण सुमारे ४.४ टक्के आढळले, एरवी ते १.५ टक्के होते. हे फिट येणाऱ्या प्रत्येक मुलीला लग्नाआधी, दिवस राहण्याआधी डॉक्टरांनी सांगितले पाहिजे आणि दुसरी गोळी चालेल का ते तपासले पाहिजे. (आपल्या मनाने गोळी बंद करू नये, फिटने आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते.) पण माझ्याकडे आलेल्या फिटच्या बायकांना हे कुणी सांगितले होते? सासरी आजारच लपवून ठेवलेला, डॉक्टरांना विचारायला वेळ नाही, चिठ्ठीवर गोळी चालूच. माहिती वेळेवर दिली तर तो हक्क असतो. पोर जन्मल्यावर सांगितली की तोच ठपका.

आणि जिथे पुरावा नाही तिथेही ठपका तयारच असतो. मुकुंदवाडीच्या त्या बाईने तापाच्या गोळ्यांबद्दल मला विचारले, त्यानंतर महिन्याच्या आत, २२ सप्टेंबर २०२५ रोजी, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जाहीर सांगितले की गरोदर बायकांनी पॅरासिटामॉल घेऊ नये, त्याने मुले स्वमग्न होतात, ताप सोसावा. सोसावा! हा सल्ला आपल्या आजीच्या तोंडून ऐकला होता, तो व्हाइट हाउसमधून आला. स्वीडनमध्ये २०२४ साली सुमारे पंचवीस लाख मुलांच्या नोंदी तपासल्या होत्या. एकाच आईच्या दोन मुलांची, एकीकडे गोळी घेतलेली आणि एकीकडे न घेतलेली, तुलना केली तेव्हा संबंध उरला नाही. उलट गरोदरपणातला जोराचा ताप अंगावर काढणे हेच घातक. मी तिला हे सांगितले. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली. नऊ वर्षे ती त्या दोन गोळ्यांचे ओझे वाहत होती.

आता दुसऱ्या एका बाईचे सांगते, वाळूजची. तिच्या मुलाची रक्ततपासणी बाहेरगावी झाली आणि 'फ्रॅजाइल एक्स' असा निकाल आला. एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकातला हा दोष १९९१ मध्ये सापडला, १९९४ मध्ये त्याचा उंदीर तयार झाला. रिसेप्टरांची कहाणी सर्वांत जास्त या उंदरावर रचली गेली आहे. या जनुकाचे प्रथिन नसले की ग्लुटामेट नावाच्या रसायनाचा एक रिसेप्टर बेलगाम होतो, असा सिद्धांत अमेरिकेत मार्क बेअर यांनी २००४ च्या सुमारास मांडला. तो रिसेप्टर अर्ध्यावर आणला की उंदीर बराचसा सुधारतो, हे २००७ मध्ये दिसले. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २०१० मध्ये मेंदूच्या भीतीशी संबंधित भागात हेच तपासले आणि औषधाने काही दोष उलटवता येतात हे दाखवले. केवढी आशा होती! नोव्हार्टिस कंपनीने माणसांवर चाचण्या घेतल्या. अपेक्षित सुधारणा दिसली नाही, आणि २०१४ मध्ये या आजारासाठीचे ते काम कंपनीने थांबवले. उंदीर बरा झाला, माणूस नाही.

वाळूजच्या बाईला यातले काहीच कुणी सांगितले नाही. अहवाल वाचून तिच्या नवऱ्याला एकच गोष्ट कळली. मुलाला एक्स आईकडून येतो. पंधरा दिवसांत तिला वैजापूरला माहेरी पोचवून दिले. "तुमच्या घराण्यात खोट होती, लपवली," असे तिच्या वडिलांना ऐकवले.

खोट कुठून आली? या जनुकाची गंमत अशी की अर्धवट दोष असलेला पुरुष तो आपल्या सगळ्या मुलींना देतो, मुलग्यांना एकालाही नाही. तो स्वतः बहुधा धडधाकट असतो, शेत कसतो, पंचायतीत बसतो. त्या मुलीच्या पोटी नातू जन्मतो तेव्हा कुठे दोष पूर्ण होऊन बाहेर येतो. अशा पुरुषांपैकी काहींचे हात उतारवयात थरथरू लागतात, चालताना तोल जातो. मी वैजापूरला त्यांच्या घरी गेले तेव्हा तिच्या वडिलांनी चहाची बशी दोन्ही हातांनी धरली होती, तरी चहा सांडत होता. गावात म्हणतात, दारूने झाले. ते दारू पीत नाहीत. तपासणी झालेली नाही, त्यामुळे मी काही म्हणणार नाही. पण अख्ख्या प्रकरणात एकाही पुरुषाच्या रक्ताची तपासणी व्हावी असे कुणाला सुचले नाही एवढे खरे. आणि तिच्या स्वतःच्या अंगाचे काय? असा अर्धवट दोष वाहणाऱ्या बायकांपैकी सुमारे पाचांत एकीची पाळी चाळिशीच्या आतच थांबण्याचा धोका असतो. हा तिच्या तब्येतीचा प्रश्न आहे. तो अहवालात नव्हता, आणि घरात तर नाहीच.

मग मादी उंदराचे काय, असे तुमच्या मनात आले असेल. माझ्याही आले. २००९ सालच्या शोधनिबंधांची मोजदाद करून दोन संशोधकांनी दाखवले की मेंदूविज्ञानात एकाच लिंगाच्या प्राण्यांवर झालेल्या अभ्यासांत एका मादीमागे साडेपाच नर, असे प्रमाण होते. कारण काय, तर मादीला ऋतुचक्र असते, त्याने निकाल हलतात. घ्या! प्रयोगशाळेतही पाळीचा विटाळ. पुढे २०१४ मध्ये शेकडो निबंध तपासून निघाले ते असे की माद्यांचे निकाल नरांपेक्षा जास्त हलत नाहीत. त्यानंतर अमेरिकेच्या सरकारी निधीला दोन्ही लिंगांचा विचार करण्याची अट लागली. पण तोवर रिसेप्टरांचे कितीतरी सिद्धांत नरांवरच उभे राहिले होते.

याचे बिल कोण भरते? मुली भरतात. स्वमग्नता चार मुलांमागे एका मुलीत, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. २०१७ मध्ये चोपन्न अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा प्रमाण तिनास एकच्या जवळ निघाले. म्हणजे काही मुली नजरेतून निसटत होत्या. आपल्याकडे तर त्या निसटण्यासाठीच वाढवलेल्या असतात. मुलगी कुणाशी बोलत नाही, मान वर करत नाही, कोपऱ्यात बसून एकच काम तासन्‌तास करते. तिला काय म्हणतात? गुणी म्हणतात. सोशिक म्हणतात. फुलंब्रीजवळच्या एका गावातली एकोणीस वर्षांची मुलगी लग्नानंतर चार महिन्यांनी परत पाठवली गेली तेव्हा पहिल्यांदा कुणी तिला तज्ज्ञाकडे नेले. तोपर्यंत अख्खे गाव तिच्या गुणीपणाचे दाखले देत होते. सासरच्यांचे म्हणणे, फसवून दिली.

उपाय बाईच्या शरीरात शोधायचा, ही सवय जुनी आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये काढली गेली. कारण दिले, त्यांना पाळीची स्वच्छता पाळता येत नाही. तेव्हा आपल्यातल्या अनेकजणी रस्त्यावर उतरल्या होत्या आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या मुलींना हवी होती मदतनीस, पाणी, न्हाणीघर, शिकवणारे कुणीतरी. ते महाग पडले असते. गर्भाशय काढणे स्वस्त. आज कुणी रिसेप्टरच्या नावाने, कुणी स्टेम सेलच्या नावाने हाच स्वस्ताचा रस्ता दाखवतो, फरक इतकाच की आता तो आईबापांना महाग पडतो. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगितले की स्वमग्नतेवर स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही आणि त्याची जाहिरात हे गैरवर्तन ठरेल. त्याआधी आणि त्यानंतरही गळ्यातले विकून आलेल्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांनाही उंदरांचीच चित्रे दाखवली होती.

तोवर रोजचे काम कोण करते? देशातली पहिली केंद्रेसुद्धा आयांनीच उभी केली. दिल्लीत मेरी बरुआ यांनी, आपल्या शहरात 'आरंभ'च्या अंबिका टाकळकर यांनी. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे, पण सरकारने करायचे ते काम आईनेच आपल्या पोरापायी करावे हा कुठला न्याय? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता आहे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे. २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीसाठी देखभालीचा भत्ता असे स्पष्ट लिहिले आहे. माझ्याकडे येणाऱ्या एकाही आईच्या हातात तो भत्ता पडलेला मी पाहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये दिव्यांग मुलाच्या आईला बालसंगोपन रजा नाकारता येत नाही असे सांगितले, ते चांगलेच झाले. पण ती आई सरकारी नोकरीतली प्राध्यापिका होती. मुकुंदवाडीची बाई घरी बसून ब्लाउजला काजे-बटण करते. ती कुणाकडे रजा मागणार?

आणि आपण? संघटनेच्या बैठकांना या बायका दिसत नाहीत, हे कधी लक्षात आले आहे का? आपल्या शिबिरात पाळणाघर असते. मागच्या शिबिराला मी वाळूजच्या त्या बाईला आग्रहाने बोलावले. तिचा मुलगा सात वर्षांचा, माइकचा आवाज सुरू झाला की कान दाबून ओरडतो. पाळणाघरातल्या आपल्याच कार्यकर्तीने अर्ध्या तासात निरोप पाठवला, "याच्या आईला बोलवा, आम्हाला नाही सांभाळता येत." विषय चालू होता घरकामाच्या मोबदल्याचा. ती उठून गेली. दारात तिने मला विचारले, "ताई, पुढच्या बारीला येऊ का नको?"

पुढचे शिबिर पैठणला आहे. एक शांत खोली, तिथे दिवसभर थांबणाऱ्या दोघीजणी, आणि भाषणांच्या वेळी लाउडस्पीकर बंद, एवढे मी नियोजनाच्या बैठकीत मागितले आहे. खर्चाचा मुद्दा निघाला. उत्तर अजून यायचे आहे.